अख्खी गाडी

बापू शहर बसचा ड्रायव्हर. त्याला नाद एकच, रोज एक फोटो. शेवटच्या थांब्यावर गाडी उभी केली, की चहा हातात येईपर्यंत मोबाइल काढायचा आणि समोर असेल ते टिपायचं. पाण्याची टाकी, गेटवर वाळणारी चादर, चाकाच्या सावलीत पसरलेलं कुत्रं. सासुरवाडीला गेला तर तिथला गोठा. संध्याकाळी जेवायला बसला की मोबाइल बायकोपुढे धरायचा, “घे, आजचं दर्शन.”

“एवढ्या मोठ्या जगात तुम्हाला टाकीच सापडली?”

“टाकीकडे कोण बघतं? देवानं मांडलेलं कुणीतरी बघायला नको का?”

असा भोळा जीव. पण गेल्या काही दिवसांत त्याच्या फोटोंचं काहीतरी बिनसलं होतं. कुत्र्याची नुसती शेपटी यायची. घराचं अर्धंच दार. हात हलला असेल, असं म्हणून बायकोनं सोडून दिलं. मग एक दिवस त्यानं चहावाल्याचा फोटो दाखवला. एक कान, एक डोळा, अर्धी मिशी.

“बाकीचा चहावाला कुठं ठेवून आलात?”

“आहे की अख्खा,” बापू म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. पुन्हा ताटाकडे वळून म्हणाला, “आज भाजी नाही केलीस?”

भाजी ताटातच होती, डाव्या बाजूला. तिनं ताट फिरवलं.

“अगं, ही कधी वाढलीस?” म्हणत तो चवीनं जेवला. तिला मात्र त्याची बस आठवली. हा माणूस रोज साठ-सत्तर जीव पाठीशी घेऊन निघतो.

दुसऱ्या दिवशी तिनं दिराला गाठलं. तो त्याच डेपोत मेकॅनिक होता. तिनं आपल्या मोबाइलवर घेतलेले फोटो त्यानं पाहिले, हात पुसले, पुन्हा पाहिले.

“वहिनी, फोटोवरून माणसाला घरी बसवायचं म्हणता?”

“भावजी, माझ्याकडे बघून बोला.”

तो बघेना. मग हळूच म्हणाला, “डावा आरसा दोनदा फुटला. मीच बदलला. साहेबांच्या कानावर नाही घातलं. दादा आहे माझा.”

“म्हणूनच तर.”

घरी तिनं बापूला हरतऱ्हेनं विनवलं, डॉक्टरकडे चला. तो म्हणाला, चष्म्याचा नंबर तोच आहे. चष्म्याचं नाही हो, म्हणताच तो चिडला. “मग डोक्याचं म्हणतेस? इतकी वर्षं एका माणसाला ओरखडा नाही, आणि आता तू मला वेडा ठरव.” तो तिच्याशी बोलायचाच थांबला. सकाळी डबासुद्धा न घेता निघाला.

तिनं देवापुढे हात जोडले. तशीच डेपोत गेली आणि साहेबांपुढे सगळं सांगून मोकळी झाली. साहेबांनी बापूला गाडीतून खाली बोलावलं. बायकोला तिथं पाहून त्याचा चेहरा उतरला.

“तू इथं? घरचं गाऱ्हाणं डेपोत?”

“दादा, ती म्हणते ते एकदा…” भावानं तोंड उघडलं.

“तूही? बरं. थांबा सगळे.”

बापू चार पावलं मागे सरला. नीट उभा राहिला, मोबाइल दोन्ही हातांनी धरला आणि आपल्या बसचा फोटो काढला. घाई नाही, थरथर नाही. मोबाइल साहेबांपुढे धरून म्हणाला, “बघा. पुढच्या काचेपासून मागच्या दिव्यापर्यंत. अख्खी गाडी.”

फोटोत गाडीचं मागचं दार होतं, मागचं चाक होतं. पुढे गाडीच नव्हती.

साहेबांनी चष्मा काढून हातात धरला. भाऊ जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत राहिला.

“बोला की,” बापू म्हणाला. “काय कमी आहे?”

साहेबांनी फोटोच्या डाव्या कडेवर बोट टेकवलं. त्यानं मोबाइल जवळ घेतला, पुन्हा नीट पाहिलं. तो एकेकाचं तोंड बघू लागला. माणसं आपल्याशी खोटं बोलत नाहीत, एवढं त्याला कळत होतं. फोटोत काय चुकलंय, तेवढंच कळत नव्हतं.

बायको त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिनं हात पुढे केला. बराच वेळ तो त्या हाताकडे बघत होता. मग त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

“साठ-सत्तर माणसं असतात गं,” तो म्हणाला.