श्वासाची जागा

गोल पत्र्याची डबी, झाकणावर ज्येष्ठमधाच्या दोन काड्या रंगवलेल्या, आणि खाली बारीक अक्षरांत ‘गायक व वक्त्यांसाठी’... कॉफीच्या वाडग्याशेजारी ती सकाळपासून तशीच होती, आणि आर्मेल तिच्याकडे पाहत हिशेब करत बसली होती, की युगेतच्या मरण्यानं आपल्या पदरात नेमकं काय पडलं. पहिलं म्हणजे, आता दर नव्या वर्षाला असली डबी येणार नाही. चिठ्ठी नाही, शुभेच्छा नाही, नुसत्या घशाच्या गोळ्या. आणि पाठवणार कोण, तर जिचा घसा आपण जन्मभर वापरला ती! असा साखरेत घोळवलेला अपमान पॅरिसच्या बायकांनाच जमतो. आमच्या दुआर्ननेच्या कोळणी सरळ कानाखाली वाजवतात आणि मोकळ्या होतात. एकही डबी तिनं आजवर उघडली नव्हती. फेकलीही नव्हती.

दुसरी जमा मोठी होती. त्या सिनेमात (तो म्हणजे तोच, बाकीच्यांबद्दल कुणी विचारत नाही) आवाज कुणाचा, हे ठाऊक असलेलं शेवटचं माणूस सप्टेंबरात गेलं होतं. दिग्दर्शक वाल्मोरां कधीच गेला, त्याचा ध्वनिवाला त्याच्याही आधी. आवाज आता बेवारस होता, आणि बेवारस मालावर कब्जा असेल त्याचा हक्क.

त्यात हा योग. सिनेमा धुऊनपुसून पुन्हा थिएटरात लागायचा होता, पण एका रिळावरचा ध्वनी कुजला होता, आणि सगळ्या देशाला पाठ असलेलं नेमकं तेच वाक्य गेलं होतं. ‘‘तुम्ही फक्त बोला मादाम, म्हातारपण आम्ही यंत्रावर काढून टाकू,’’ तिबो नावाचा तो ध्वनिवाला फोनवर म्हणाला होता. गाढव. नाही म्हणावं, तर दुसरी कुणी शोधतील, जुना आवाज लावून बघतील, आणि मग एखादा शहाणा विचारेल – हा मुळात होता कुणाचा? हो म्हणावं आणि जमलं, तर कायमचा शिक्का. मेल्यावरही पुसला न जाणारा.

तिनं डबी पर्समध्ये टाकली. का टाकली, ते तिला सांगता आलं नसतं.

खाली दारवानबाई जिना पुसत होती. ‘‘आज टॅक्सी, मादाम जिव्री? परत सिनेमा की काय?’’

‘‘माझाच जुना.’’

‘‘मग बरं. नव्यांना आमचे हे मध्यंतराआधीच घोरायला लागतात.’’

माझाच – हा शब्द कसा रेशमी उतरला, जरा खालच्या पट्टीत, शेवटाला किंचित धूर... युगेतचा धूर. जिना पुसणाऱ्या बाईशी बोलतानाही!

टॅक्सी नदीकाठानं निघाली आणि मेलेला वाल्मोरां शेजारी येऊन बसला, नेहमीसारखा, न विचारता. ‘‘पोरी, तोंड तुझं देवाघरचं आहे, पण बोललीस की सार्डिनचा डबा उघडल्यासारखं वाटतं.’’ सगळा सेट हसला होता. तीही हसली होती, कारण सार्डिनच्या कारखान्यातून उठून आलेल्या मुलीला दुसरं काय करायचं असतं ते माहीत नव्हतं. आर्मेल गिवार्शची आरिएल जिव्री झाली ती त्याच आठवड्यात; आडनावाची शेपटी कापली, मग जीभ कापली. आणि कापलेल्या जागी ही युगेत आणून बसवली – नाट्यशाळेतून नुकती बाहेर पडलेली, काटकुळी, लांब नाकाची. अंधाऱ्या ध्वनिखोलीत, पडद्यासमोरच्या कठड्याला धरून ती उभी राहिली आणि आर्मेलच्या तोंडात बोलली. श्रेयनामावलीत नाव नाही. ‘‘पुढच्या सिनेमात तुला चेहऱ्यासकट घेतो,’’ असं वाल्मोरांनं तिला सांगितलं होतं. ती हुशार होती, तरी तिनं खरं मानलं. हुशार माणसं अशीच फसतात, त्यांना वाटतं आपण व्यवहार केला.

पुढचा सिनेमा आला तोवर सगळा देश तो आवाज ओळखत होता – आरिएल जिव्रीचा म्हणून. युगेतनं कुठंही परीक्षेला तोंड उघडलं की टेबलामागचे म्हणत, ‘‘बाई, जिव्रीची नक्कल नको, स्वतःचं काही असेल तर दाखवा.’’ स्वतःचं! मग ती जन्मभर अमेरिकन सिनेमातल्या विधवांची फ्रेंच रडणी रडली, आणि कार्टूनमधल्या एका बदकाची.

मला त्याचं वाईट वाटावं, अशी तिची अपेक्षा होती का? मलाही तेच ओझं होतं. दर वेळी कठड्यापाशी उभी करायला ती परवडणार नव्हती, म्हणून वाल्मोरां म्हणाला, शीक. आणि मी शिकले... माझ्याच सिनेमाची ध्वनिफीत लावून, माझ्याच तोंडातली ती बाई, स्वर स्वर, उंबऱ्यापासून माडीपर्यंत. इतकी शिकले की आईला फोन केला तर ती म्हणाली, ‘‘कोण बोलतंय? आर्मेल घरी नसते, पॅरिसला असते.’’ आणि ठेवून दिला. तो राग कुणावर काढायचा? आईवर? युगेत होती ना.

ज्वांव्हिलच्या स्टुडिओच्या दारात पन्नाशीची, लांब नाकाची एक बाई उभी होती.

‘‘मी कोरीन. युगेतची मुलगी. आजचं ओठ जुळवण्याचं काम माझ्याकडे आहे.’’

या धंद्यात पोरं आईबापांच्या कठड्यालाच येऊन लागतात, हे आर्मेलला सुचायला हवं होतं. तिनं त्या चेहऱ्यात शोधलं – हिला माहीत आहे? आईनं सांगितलं? – आणि काही सापडलं नाही. ‘‘आईचं कळलं. वाईट झालं,’’ ती म्हणाली, आणि ऐकणारीच्या पापणीखाली काहीतरी हललं. कारण ते सांत्वन त्या मुलीला आपल्या आईच्या आवाजात मिळालं होतं.

आत अंधार. काचेपलीकडे तिबो, पडद्याकडे डोळे लावून. पडद्यावर ती स्वतः – विशीतली, ओले केस, धोबीघराच्या दारात. चित्राखालून हातानं लिहिलेले शब्द सरकत येत होते. उभ्या रेघेला शब्द टेकला की उच्चारायचा, ओठ जुळतात. आणि शब्दांमध्ये एक छोटी आडवी खूण: इथं श्वास.

‘मी थांबले (श्वास) असते, जाक. तू विचारलं नाहीस.’

त्या श्वासावर लोकांनी लेख लिहिले होते. खरं तर बर्फासारख्या पाण्यात उभी राहून ती कुडकुडत होती आणि धाप लागली, इतकंच. वाक्याच्या ऐन मध्यात, जिथं कुठलीही शिकलेली नटी श्वास घेणार नाही तिथं. वाल्मोरांनं तो ठेवला. युगेतला तो जुळवावा लागला.

‘‘मी थांबले असते, जाक...’’

‘‘सुंदर, मादाम,’’ कानात तिबो. ‘‘फक्त श्वास ‘थांबले’च्या लगेच नंतर हवा. ओठ उघडे राहिलेत तिथं.’’

पुन्हा. श्वास ‘जाक’नंतर आला. पुन्हा. या वेळी ‘मी’नंतर. खूण दिसत होती, सरकत येत होती, रेघेला टेकत होती, आणि छाती ऐकत नव्हती. ती आता नाट्यशाळेत शिकलेल्या बाईची छाती होती, योग्य जागीच भरत होती. पडद्यावरची पोर दर खेपेला तिच्याकडे पाहून धापा टाकत होती, अगदी फुकट. सटवी!

‘‘पाणी देऊ?’’ शेजारी अंधारात कोरीन कठड्याला टेकली होती. मग, आर्मेलच्या तोंडासमोरचा माइक हातानं झाकून, हळू – ‘‘की गोळी? डब्या तर भरपूर साठल्या असतील.’’

म्हणजे माहीत होतं.

‘‘काय हवंय तुला?’’

‘‘मला? दोन वाजता एका तुर्की मालिकेतल्या विधवेला आवाज द्यायचाय. हे उरकायचंय.’’ ती थांबली. ‘‘आईच्या अंगातून तो श्वास नंतर गेलाच नाही. बाजारात मटार मागताना सुद्धा मध्येच तुटायची. ‘मला अर्धा’... आणि मग ‘किलो’. मंडईवाला रोज तिची नक्कल करायचा. मी लहानपणी तिच्याकडूनच बोलायला शिकले, म्हणजे बघा.’’

शब्दांची पट्टी पुन्हा सुरू झाली. आर्मेलनं तोंड उघडलं, आणि तिच्या खांद्यापाशी कुणीतरी बोललं – मी थांबले... धाप, दुआर्ननेची, थंडगार पाण्यातली, कारखान्याच्या पोरीची... असते, जाक. ओठ असे जुळले की पडद्यावरची पोर क्षणभर जिवंत वाटली.

‘‘हेच!’’ तिबो काचेपलीकडे उठून उभा राहिला. ‘‘मादाम जिव्री, अहो हेच! तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार?’’

कोरीन माइकपासून मागं सरली. आर्मेल तिच्याकडे वळली नाही. मग आर्मेलच म्हणाली, ‘‘आभार.’’ – किंचित धूर सोडून.

दारापाशी तिनं पर्समधली डबी काढून पुढं केली. कोरीननं ती पाहिली. ‘‘ठेवा. मला घशाचा त्रास नाही,’’ ती म्हणाली, आणि आत गेली. तिची विधवा वाट पाहत होती.

परतीच्या टॅक्सीत आर्मेलनं झाकण उघडलं. गोळ्या एकमेकींना चिकटून दगड झाल्या होत्या. एक नखानं सुटी करून तिनं जिभेवर ठेवली, आणि युगेतला शिव्या द्यायला तोंड उघडलं – सवयीनं, रोजच्यासारखं – तर शिव्या युगेतच्याच आवाजात आल्या. आणि त्यांना उत्तर देणारी, दुआर्ननेची, भसाड्या गळ्याची, ती कुठंच सापडेना. भांडायला दोघी लागतात. इथं घशात एकच होती, आणि ती मेलेली.

आवाज गेला तो युगेतचा. श्वास गेला तो माझा, आणि तो आता दुसरीच्या लेकीच्या छातीत नांदतोय. देणं दोघींनी फेडलं, दुसरीनंच घेतलं म्हणून एकमेकींना शिव्या घालत. घेतलं ते त्या धोबीघराच्या दारातल्या पोरीनं, ओल्या केसांच्या. ती उद्या पुन्हा थिएटरात लागेल. तिचं काहीच गेलं नाही.