निळ्या पट्टीचं खोटं

मी वेबसाइटच्या मेनूतली निळी पट्टी बोलतेय. तुम्ही ज्या पानावर असाल, त्याच्या नावाखाली उमटायचं, एवढंच माझं काम. काम किरकोळ, पण माझ्यापायी एका बाईची नोकरी जायची वेळ आली होती.

मला घडवलं एका भाचीने, पायथन या संगणकभाषेत. तिची आत्या रक्ततपासणी केंद्रात काउंटरवर बसते, तिथल्या नोंदींसाठी. भाची हुशार, पण घाई पाचवीला पुजलेली. उघडलेल्या पानाचा पत्ता मेनूतल्या पत्त्याशी पूर्ण जुळवायचा सोडून तिने नुसती सुरुवात जुळवली. आणि 'रद्द नमुने' या पानाचा पत्ता होता 'नमुने/रद्द', म्हणजे सुरुवात 'नमुने' अशीच. झालं! आत्या 'रद्द नमुने' उघडून बसली, तरी मी आपली 'नमुने'खालीच ठाण मांडून.

दोन्ही पानं दिसायला सारखी, फरक फक्त वरच्या बारीक अक्षरांतल्या नावाचा. आत्याने माझ्यावर भरवसा ठेवून सकाळच्या अकरा नळ्या 'रद्द'मध्ये नोंदवल्या. सफाईवाल्या बाईंनी यादी पाहून त्या टाकून दिल्या. अकरा माणसांना पुन्हा सुई टोचून घ्यायला यावं लागलं.

"बाई, आता वय झालं तुमचं," केंद्राच्या डॉक्टरीणबाई आत्याला म्हणाल्या. "सोमवारपासून काउंटरवर दुसरं कुणीतरी बसेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं बोलले मी, आणि बोल लागला तिला.

आत्या रडत बसली नाही. रविवारी तडक भाचीकडे गेली.

"तुझी ती निळी पट्टी खोटं बोलते."

"अगं आत्या, घाईत तूच चुकली असशील."

"चौदा वेळा 'रद्द नमुने' उघडून पाहिलं, दर वेळी पट्टी 'नमुने'खालीच. मी चुकत असते, तर एखाद्या वेळी तरी बरोबर आलं असतं! उघड तुझा कोड."

भाचीने पाहिलं आणि जीभ चावली. तिने प्रत्येक पानाला स्वतंत्र नाव दिलं आणि ते अख्खं जुळलं तरच मला उमटायला लावलं.

सोमवारी आत्याने डॉक्टरीणबाईंना आधी जुनं दाखवलं, मग नवं. त्यांनी उठून स्वतःच काउंटरची खुर्ची आत्यासाठी ओढली.

तेव्हापासून मी एकदाही चुकलेले नाही. पण आत्या अजून नोंद करण्याआधी पानाचं नाव बोट ठेवून मोठ्याने वाचते. माझ्याकडे बघतही नाही. मला वाईट वाटतं, पण तिचं बरोबर आहे. तुम्हीही तसंच वाचत जा. मी मात्र रोज जिथल्या तिथे उमटणार. तिचा भरवसा परत मिळायला किती वर्षं लागायची ती लागोत.