कोणत्या स्तेर्यॉसचा गोल

जत्रेला चार दिवस उरले असताना गावच्या कचेरीतून कागद आला आणि माझं डोकंच फिरलं. आमच्या आम्बेल्या गावचे अध्यक्ष लाझारोस फुटबॉलच्या मैदानाला माझ्या नवऱ्याचं नाव देणार होते. पाटीवरचं फडकं नवऱ्यानंच ओढायचं आणि त्याआधी त्याची कारकीर्द म्हणून हा कागद वाचून दाखवायचा. वर ठळक अक्षरांत 'स्तेर्यॉस गाकीस, मधल्या फळीचा राजा'. इथवर ठीक. खाली लिहिलेलं, एकूण गोल चौसष्ट.

चौसष्ट? अहो, सबंध जन्मात या माणसाने नऊ गोल मारले. पुढे वाचते तर ब्याण्णव साली स्वारी लारिसाच्या क्लबात आणि त्याच हंगामात कवालाच्याही. चार तासांचा रस्ता आहे मध्ये. आणि लारिसातसुद्धा हा निम्मा वेळ बाकावरच बसलेला, ते मेलं कुठेच लिहिलं नव्हतं.

मग डोक्यात प्रकाश पडला. कचेरीतल्या बाईने दोन माणसं एकात कालवली होती. तिला तरी काय बोलणार? नवऱ्याच्या आजोबांचं नाव स्तेर्यॉस. त्यांचे दोन मुलगे, वान्गेलिस आणि नासोस. दोघांनाही पहिला मुलगाच झाला, आणि आम्हा ग्रीकांत पहिल्या मुलाला आजोबांचं नाव नाही दिलं तर म्हातारा जन्मात तोंड बघणार नाही. त्यामुळे एका गल्लीत दोन स्तेर्यॉस गाकीस, एकाच संघात, वर दोघंही मधल्या फळीत. गाव म्हणायचं वान्गेलिसचा स्तेर्यॉस आणि नासोसचा स्तेर्यॉस. माझा तो वान्गेलिसचा. नासोसचा पुढे जर्मनीत श्टुटगार्टला गेला, लग्न केलं नाही, दर ऑगस्टला जत्रेला येतो.

चौसष्ट गोल गेले खड्ड्यात. माझा जीव अडकला एका ओळीत. 'अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात नदीपलीकडच्या संघावर शेवटच्या क्षणी गोल मारून गावाला वरच्या गटात नेलं.' हा यातल्या कोणाचा?

का विचाराल तर सांगते. हे मी फक्त माझ्या बहिणीला, आरेतीला सांगितलं होतं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची. दोन्ही गाकीस घरांतून मला मागणी आलेली. बाबा म्हणाले, तुझं तू ठरव, मला त्या भावाभावांच्या मध्ये ओढू नकोस. दोघंही चांगले होते, तीच तर पंचाईत. शेवटी मी मनाशी ठरवलं की रविवारी जो गोल मारेल तो. तर रविवारी असा पाऊस कोसळला की मैदानाचं डबकं झालं आणि पाठीवरचे आकडे चिखलात गेले. शेवटी शेवटी गोलापाशी सगळ्यांची झटापट झाली, चेंडू आत गेला, भोंग्यातून नाव पुकारलं 'स्तेर्यॉस गाकीस' आणि अख्खा संघ एकाच्या अंगावर पडला. त्या ढिगाखालून उठला तो वान्गेलिसचा. सप्टेंबरात आमचं लग्न झालं.

नवरा अंगणात कॉफी पीत बसला होता. कागद त्याच्यापुढे आपटला आणि विचारलं, हा गोल कोणी मारला? त्याने कप फिरवला. मग चष्मा शोधला, जो नाकावरच होता.

"मला माहीत नाही, एवान्थिया."

"छत्तीस वर्षं सांगत आलास ना?"

"तू सांगत आलीस. मी फक्त नाही म्हणालो नाही."

मी आठवायला लागले, आणि खरंच की. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाच्या जेवणात ती गोष्ट माझ्याच तोंडून निघायची, हा शेजारी मान खाली घालून पाव मोडत असायचा. म्हणाला, तो चिखलात तोंडावर पडलेला होता. पायाला काहीतरी लागलं खरं, पण तो चेंडू होता की कोणाची नडगी, देव जाणे. सगळे अंगावर पडले तेव्हा त्याला वाटलं, आपणच मारला असणार. मी म्हटलं, शुंभा, मग चुलतभावाला विचारायला काय झालं होतं? त्यावर स्वारी उठली आणि टोमॅटोंना पाणी घालायला गेली.

नासोसचा स्तेर्यॉस तेरा तारखेला आला. मी पालक भरलेली पिटा भाजली आणि त्याच्याकडे गेले. आडवळण न घेता विचारलं.

"त्याचाच," तो म्हणाला. "तुझ्या नवऱ्याचा. मी कुठे होतो जवळपास?"

माझा प्रश्न पुरता संपलाही नव्हता, इतक्या लवकर म्हणाला. मग अर्धा पेला त्सिपुरोची दारू पोटात गेल्यावर तो त्या दिवसाबद्दल बोलायला लागला. चेंडू पाणी पिऊन किती जड झालेला, किती गार. डाव्या पायाचा अंगठा आठवडाभर असा सुजलेला की बूट चढेना. आणि वाक्य अर्धवट सोडून सुरी घेतली आणि कापलेलीच पिटा परत कापत बसला.

घरी परत येताना रडावं की चिडावं, आणि चिडायचं तर कोणावर, काही सुचेना. आमच्या दारावरून तशीच पुढे गेले, थेट चर्चपाशी भानावर आले.

पंधरा ऑगस्टला, माय मरियमच्या जत्रेच्या संध्याकाळी, सगळं गाव मैदानावर जमलं. पुढच्या रांगेत माझ्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नासोसचा. लाझारोस चौसष्ट गोलांवर आले, कोणी हूं की चूं केलं नाही. नवरा माझ्या कानाशी झुकला.

"त्याच्याकडे गेली होतीस ना? काय म्हणाला?"

"तुझाच म्हणाला."

तो म्हणाला, "आरेतीने मला लग्नाच्या दिवशीच सांगितलं होतं. तू कशावरून ठरवलंस ते. म्हणून मी त्याला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. नव्या सदऱ्यात त्याची मान आखडलेली होती. छत्तीस वर्षं हा माणूस ही धास्ती घेऊन माझ्या शेजारी झोपला आणि मी त्याला शुंभ म्हणत राहिले. मला भडभडून आलं. त्याचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, जा आता, नाव पुकारतील.

पुकारलंच. "स्तेर्यॉस गाकीस!"

दोघंही उठले. नासोसचा अर्धवट उभा राहिला, लोक कोणाकडे बघतायत ते त्याने पाहिलं आणि टाळ्या वाजवत परत खाली बसला. त्या दिवशीही तो चिखलात असाच थांबला असणार. तेव्हा मी दुसरीकडे बघत होते.

नवऱ्याने फडकं ओढलं. पाटीवर नुसतं नाव होतं, बापाचं नाव लिहायचं राहून गेलं होतं. मी टाळ्या वाजवत राहिले, पण कोणाकडे बघावं ते मला कळेना.