बाकावरचा व्यायाम

डॉक्टरांनी माझ्या डाव्या खांद्याखाली काडेपेटीएवढा पेसमेकर बसवला आणि त्याच आठवड्यात आमच्या घरी ताई येऊन बसली. पेसमेकरची बॅटरी दहा वर्षं टिकते म्हणाले. ताईबद्दल कुणी काही सांगू शकलं नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, चौऱ्याहत्तरची, आणि आली होती मला सांभाळायला. डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. ताईने त्यात आपली भर घातली. मी शर्टाची बटणं लावायची नाहीत, वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं नाही, शिंक येणार असेल तर आधी सांगायचं. स्वयंपाकघरातले डबे तिने उंचीप्रमाणे लावले. तेव्हापासून बायकोला मीठ शोधायला दहा मिनिटं लागत, आणि त्या दहा मिनिटांत ती जे पुटपुटे ते लिहिण्यासारखं नाही.

सहा आठवड्यांनी तपासणी होती. त्यात सगळं ठीक निघालं की आपण निघणार, असं ताईने जाहीर केलं. बायकोने मला बाल्कनीत गाठलं.

"अहो, तिथे नापास झालात तर वन्सं इथे आणि मी माझ्या भावाकडे. बघा काय ते."

डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. मी रोज संध्याकाळी इमानदारीने चपला घालून निघत असे आणि तितक्याच इमानदारीने कोपऱ्यावरच्या छापखान्यात जाऊन बसत असे. छापखाना माझ्या शाळासोबत्याचा. तिथल्या लाकडी जमिनीवर एका टोकाला जुनं छपाईयंत्र आणि दुसऱ्या टोकाला बाक. यंत्र सुरू झालं की बाक थरथरतो, आणि बाकावरचा माणूसही. दोन तास गप्पा हाणायच्या आणि घराच्या जिन्यात जरा धापा टाकायच्या. अर्ध्या तासाचे मी दोन तास करतो म्हणून ताईला माझं फार कौतुक.

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. एका मुलीने माझ्या छातीवर चकती ठेवली आणि पडद्यावर आलेख उमटले. पेसमेकर नुसता ठोक्यांवर लक्ष ठेवत नाही, तर मालक रोज किती हलतो हेही टिपून ठेवतो, ही माहिती मला तिथे मिळाली. मी हळूच दाराकडे बघितलं. पण डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "रोज दोन तास? काय करता काय तुम्ही?"

बाकाची थरथर त्या भाबड्या यंत्राने चालणं समजून लिहून घेतली होती. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात ताईने सगळं श्रेय आपल्या शिस्तीला देऊन टाकलं. डॉक्टर म्हणाले, छान, आहे तसंच चालू द्या.

"म्हणजे मला आता हलता येणार नाही," ताई गाडीत म्हणाली. "अजून दोन महिने तरी राहतेच."

बायको खिडकीबाहेर बघत होती. भावाच्या घराच्याच दिशेने बघत असावी.

संध्याकाळी मी खरं सांगून टाकलं. प्रामाणिकपणाचा झटका वगैरे काही नव्हता. अपमान झाला की ताई बॅग भरेल, असा हिशेब होता. ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुला एकट्याला सोडायची सोयच नाही," ती म्हणाली आणि उठून चपला शोधू लागली.

तेव्हापासून ती माझ्याबरोबर चालू लागली. तिसऱ्या दिवशी छापखान्यासमोर तिचे गुडघे बोलायला लागले. दोन मिनिटं टेकते म्हणून ती बाकावर बसली, नुकतंच छापलेलं एक पत्रक उचललं आणि त्यात चार चुका काढल्या. चौथ्या दिवशी ती माझ्याआधी तिथे हजर. आठवड्याभरात तिने कामगारांच्या सुट्ट्या ठरवून दिल्या, मालकाच्या चहातली साखर बंद केली आणि मजकूर बरा लिहून आणा म्हणून तीन गिऱ्हाइकं परत पाठवली.

आता ती सकाळी दहाला जाते ती दिवेलागणीलाच येते. बायको तिचा डबा स्वतः भरून देते, वर एक फळही ठेवते. भावाचा विषय निघत नाही. मला मात्र छापखान्याच्या पायरीवरही उभं राहता येत नाही. ताई आतूनच बोट दाखवते, चाल म्हणून.

परवा संध्याकाळी वळणावर माझा शाळासोबती भेटला. छापखाना चालू, यंत्र चालू आणि मालक रस्त्यावर. माझी बहीण परत कधी जाणार, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी मान हलवली. मग बसायला दोघांनाही दुसरी जागा नव्हती, म्हणून आम्ही चालत राहिलो.