सात गावं, एक लॉगिन

भुजंगचं डोकं सकाळपासून ठणकत होतं आणि त्याला कारण तो स्वतःच होता. जुन्या जालन्यातले बियाणे व्यापारी गोपीकिशन शेठ यांची वेबसाइट त्यानंच चार वर्षांपूर्वी, दोन हजार पाच साली बांधली. सात गावांतल्या बियाण्याच्या प्लॉटांची रोजची नोंद तिच्यावर व्हायची. ती ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सॉफ्टवेअरच्या सांगाड्यावर, उभी होती, त्याची नवी आवृत्ती भुजंगनं रविवारी चढवली. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. खाज, दुसरं काय!

जुन्या आवृत्तीत भाषेची निवड ज्या त्या कॉम्प्युटरवर राहायची. नवीत ती लॉगिनसोबत फिरते. नवी आवृत्ती बनवणाऱ्यांनी धरलं होतं की एका माणसाचं एक लॉगिन असतं. इथं सातही गावं शेठच्या एकाच लॉगिननं आत शिरत. तीर्थपुरीची नोंद ठेवणाऱ्या कचरूला इंग्रजीची हौस. त्यानं इंग्रजी निवडलं की सातही गावांत पान इंग्रजी.

पिंपळगाव रेणुकाईची नोंद मालनबाई ठेवायची. मराठी झरझर वाचायची, इंग्रजी अजिबात नाही. तीन दिवस तिची नोंद आली नव्हती.

"बाईला जमून न्हाई राह्यलं," शेठ फोनवर म्हणाले. "तिचं काम कचरूला देऊन टाकतो."

"शेठजी, चूक माझी हाये, बाईची न्हाई."

"कोनाची बी असू द्या. सांजच्यापर्यंत नोंद पाहिजे. न्हाई तं बाई बंद."

भुजंगनं कपाळावर हात मारून घेतला. जेवणावर पाणी सोडून त्यानं सात माणसांची सात लॉगिनं बनवली, कॉम्प्युटरवर आधी निवडलेली भाषा असेल तर तीच मानायची अशी तजवीज केली, आणि साडेचारला पिंपळगावला फोन लावला.

"मालनबाई, आता तुमच्या नावानं आत जा. मराठी दिसतं का?"

"दिसून राह्यलं." बराच वेळ नुसती बटणं वाजली. "भरलं भाऊ. खाली माझं नाव आलं बघा."

भुजंगला हायसं वाटलं. बाईचं काम वाचलं होतं.

"पन गेल्या हप्त्याच्या पानावर गोपीकिशन लिहेल हाये. त्याच्या आधी बी तेच. चार वर्षं तं मीच भरलं ना?"

"तुमीच भरलं, बाई. पन लॉगिन शेठचं होतं, म्हनून त्यांचं नाव."

पलीकडून पुन्हा बटणं वाजली.

"मंग आज मला काढलं असतं, तं मी इथं कधी नव्हतेच म्हना की."