शिंगांची बॉडी, गोल पिकगार्ड

दादा इलेक्ट्रिक गिटारची लाकडी बॉडी कापायचा आणि त्याचा धाकटा भाऊ पिकगार्ड, म्हणजे बॉडीला ओरखडे पडू नयेत म्हणून तारांखाली बसवतात तो प्लास्टिकचा पत्रा. एकच खोली, पाठीला पाठ लावून दोन टेबलं. पण स्क्रू चपट्या डोक्याचे की गोल डोक्याचे यावरून एकदा जे बिनसलं, तेव्हापासून बोलणं बंद. दादाच्या बायकोकडे, वहिनीकडे, खरं तर रंगकाम. पण तिचा निम्मा दिवस निरोप पोचवण्यात जायचा.

"वहिनी, दादाला सांग, त्याचा सरस सांडलाय."

"सांग त्याला, डोळे आहेत मला."

अशात एक दातांची डॉक्टरीण आली. तिला बॉडी दोन टोकदार शिंगांची हवी होती आणि पिकगार्ड मात्र गोलमटोल गिटारचं. दोन्ही आवडतात म्हणे. वहिनीने हो म्हणून टाकलं आणि दोघांना बजावलं, "हे जुळलं तर ठीक. नाहीतर मध्ये भिंत घाला आणि आपापलं बघा. मी थकले."

भिंत आली की धाकट्याची शीळ बंद, आणि त्या बेसूर शिळेवरच दादाचा दिवस निघायचा. पण हे तोंडाने बोलेल तर तो दादा कसला!

दोघांचे भाग तयार झाले आणि एका सकाळी वहिनीच्या टेबलावर जुळणी झाली. शिंगं टोकदार, पिकगार्ड गोल, मेळच बसेना. दादा मुकाट्याने जागेवर गेला आणि काळजावर दगड ठेवून त्याने शिंगं घासून गोल केली. एकमेकांच्या टेबलाकडे ढुंकूनही बघायचं नाही, हा दोघांचा बाणा. दुसऱ्या दिवशी पाहतात तर बॉडी गोल आणि पिकगार्ड टोकदार!

मुद्दाम करतोय, दादा मनात चरफडला. पण भिंत नको होती. त्याने बॉडी पुन्हा टोकदार कापली. पुढच्या सकाळी पिकगार्ड गोल होऊन आलं. असं रोज. गिटार ताटाएवढी झाली, मग बशीएवढी. मान तेवढी पहिल्यासारखीच लांब.

डॉक्टरीण न्यायला आली. जन्मभर दुसऱ्यांना 'आ' करायला लावणारी बाई स्वतःच 'आ' करून उभी राहिली.

"शिंगं कुठे गेली?"

"मी कापली," दादा खाली बघत म्हणाला. "याचं पिकगार्ड गोल होतं. म्हटलं, त्याला कापायला लागू नये."

धाकटा गर्रकन वळला. "अरे दादा, मी तर तुझ्या शिंगांसाठी ते टोकदार केलं!"

दादाला हुंदका आवरेना. डॉक्टरीणबाईंनी सवयीने त्याला चूळ भरायला पाणी दिलं आणि नवी गिटार होईपर्यंत थांबायचं कबूल केलं. दादाने कोरी फळी टेबलावर टाकली.

"आता तू आधी काप. मी तुझ्यामागून."

"छे! तू मोठा, तू आधी."

"मोठा म्हणूनच सांगतोय ना, गाढवा, तू आधी!"

"नाही म्हणजे नाही!"

संध्याकाळपर्यंत फळीला करवत लागली नाही. दादाचा घसा बसला होता. इतकं पोटभर भांडण त्याला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं.