पांढऱ्या जमिनीवरचं वासरू

अर्लिन हॉगनने पिकअप रस्त्याच्या कडेला घेतला, तेव्हा व्हेर्नाला वाटलं पुन्हा अस्वलच दिसलं असणार. सकाळपासून हा माणूस प्रत्येक काळ्या ओंडक्याला अस्वल म्हणत होता.

"आता काय?"

"वासरू."

यलोस्टोनचं राष्ट्रीय उद्यान त्यांच्या रँचपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. पण उन्हाळ्यात गवत कापायचं आणि हिवाळ्यात गुरांना चारा घालायचा, यात अख्खा जन्म गेला आणि नवराबायकोने मिळून पार्क कधी पाहिला नाही. या वसंतात अर्लिनच्या गुडघ्यांनी हात टेकले, गुरं विकली. गोठा रिकामा झाल्यावर तो दिवसभर खिडकीशी बसून राहायला लागला. मग व्हेर्नानेच सँडविचेस बांधली आणि त्याला गाडीत घातलं.

बायसनचं, म्हणजे तिकडच्या रानगव्याचं, लालसर पिल्लू रस्त्यापासून बरंच आत, पांढऱ्याफटक मोकळ्या जमिनीवर एकटं उभं होतं. त्याच्या एका बाजूला गरम झऱ्याचं निळं डबकं उकळत होतं. मागे एक फवारा फुसफुसत वर येई आणि पडे. तशी वाफ पसरून वासरू दिसेनासं होई. कळप रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, नदीकाठी चरत होता.

"आईपासून चुकलंय. पुढे भाजून निघेल," असं म्हणत अर्लिन खाली उतरला आणि मागून दोर काढला.

"अरे, ती पाटी वाच. रस्ता सोडून जमिनीवर जाऊ नका म्हणते."

"शहरातल्या लोकांसाठी असते ती." त्याने कडेची पांढरी जमीन बुटाच्या टाचेने ठोकली. ठक् ठक्. "ऐकलंस? जानेवारीत नदी अशीच वाजते. ट्रॅक्टर घातला तरी पेलेल."

व्हेर्नालाही तो आवाज तसाच वाटला. नदीवरच्या बर्फावरून तिनेही चाऱ्याच्या गाड्या नेल्या होत्या, कुठे जाड आणि कुठे पातळ हे तिलाही टाचेनेच कळायचं. म्हणून तिने अडवलं नाही. "लवकर ये. कॉफी गार होतेय," एवढंच म्हणाली.

तो निघाला. दर दोन पावलांनी टाच आपटून ऐकायचा आणि मग पुढचं पाऊल टाकायचा. ओलसर पांढऱ्या थरावर त्याच्या बुटांचे ठसे काळे उमटत होते. व्हेर्ना दार उघडं ठेवून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. वाफ जरा बाजूला झाली तसं तिचं लक्ष त्या ठशांकडे गेलं.

ठशांतून वाफ येत होती.

बर्फाखाली गार पाणी असतं, माणूस आत गेला तर दोर टाकून ओढता येतो. इथे खाली काय होतं ते बाजूच्या डबक्यात खदखदत होतं. आणि वाजवून बघायचं म्हणून हा गडी दर दोन पावलांनी तोच थर फोडत चालला होता!

तिने ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून खोल घुरघुर आली. पिल्लाची आई रस्ता ओलांडून पिकअपच्या मागे येऊन थांबली होती. डोकं खाली, शेपटी काठीसारखी ताठ.

गाडीचं दार हाताच्या अंतरावर होतं. आत बसली तर ती वाचली असती. पण मग गाय सरळ अर्लिनवर गेली असती, आणि त्याला परतीची वाट दाखवायला कोणीच उरलं नसतं. ओरडावं तर गाय अंगावर येणार.

मग व्हेर्नाने तो आवाज काढला. अडलेल्या गाईजवळ गोठ्यात काढतात तो, खालच्या पट्टीतला, सपाट. त्या आवाजात दोघांपैकी कोणीही बोललं की दुसऱ्याने वाद घालायचा नाही, हा त्यांच्या घरचा नियम होता.

"हो गं बाई, हो. अर्लिन, थांब. जागचा हलू नकोस. शहाणी माझी ती."

अर्लिन थांबला. "अगं, दोर टाकण्याइतकं जवळ आलंय..."

"खाली उकळतंय, अर्लिन. तुझ्या ठशांतून वाफ येतेय. टाच आपटू नकोस. उभी राहा गं, उभी राहा."

त्याने खाली पाहिलं. मग वासराकडे. वासरू हंबरलं आणि तो अर्धं पाऊल पुढे सरकला.

"माघारी फीर."

"ते मरेल, व्हेर्ना."

"माघारी फीर. आपल्याच ठशांत पाय ठेव. हो गं बाई, तुझं बाळ कुठे जात नाही."

तो वळला. वाफ आली की त्याला ठसे दिसत नव्हते, तिला कडेवरून दिसत होते. डावीकडे, ती म्हणाली. आता सरळ. फार लांब टाकू नकोस. गाय दोन पावलं पुढे आली, खुराने डांबर खरवडलं. व्हेर्नाने तिच्याकडे तोंड फिरवलं नाही, आवाजही चढवला नाही. पाठीवर तिचा श्वास आल्यासारखं वाटत होतं.

रस्ता हातभर राहिला असताना थर कडकन फुटला आणि अर्लिनचा डावा पाय घोट्याच्या वर आत गेला. त्याने तोंडातून आवाज काढला नाही, फक्त चेहरा राखेसारखा झाला.

"बसू नकोस. ओढ. ओढ म्हणते ना!"

त्याने पाय उपसला आणि तिच्या अंगावर येऊन आदळला. तिने त्याला पट्ट्याला धरून दारातून आत कोंबलं, त्याच्या मागून स्वतः शिरली. दार लावलं तेव्हा गाय गाडीला घासून पुढे गेली. कडेला थांबून ती घुरघुरली. वासराने कान टवकारले, डबक्याला वळसा घातला आणि उड्या मारत आईखाली शिरलं. जमीन त्याला काहीच बोलली नाही, कुठे तडासुद्धा गेला नाही.

व्हेर्नाने चाकूने बूट कापून काढला, पाण्याचा डबा अख्खा त्या पायावर ओतला. कातडी मोज्याबरोबर निघाली.

"बघ, आलं की वासरू," अर्लिन दात दाबून म्हणाला. "मी नसतो गेलो तरी..."

"तुला वासरू दिसलं. मी दिसले नाही?"

तिने गाडी दवाखान्याच्या दिशेने वळवली. वळणावर बायसन बघायला गाड्या थांबल्या होत्या, लोक खिडकीतून फोटो काढत होते. तिने हॉर्नवर हात दाबून ठेवला आणि मधून वाट काढली.

बऱ्याच वेळाने अर्लिन म्हणाला, "व्हेर्ना, पाय फार जळतोय गं."

चाळीस वर्षांत या माणसाने कधी काही दुखतंय असं म्हटलं नव्हतं.

"जळू दे," ती म्हणाली, आणि गाडी आणखी जोरात काढली.